ओठंगा

१

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे चिमटा म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. छापण्याआधीची पानं तपासायचं त्याचं काम, आणि तो चुका अशा वेचून काढी की लिहिणाऱ्याला आपण मुळात शाळेत गेलो होतो का अशी शंका यावी. एकाच खुर्चीत बसून अठ्ठावीस वर्षं हा उद्योग केल्यावर माणसाला याहून गोड नाव मिळणार नाही, हे त्यालाही मान्य होतं.

कचेरी नऊला सुरू व्हायची. चिमटा आठलाच येऊन बसे. तो एक तास त्याचा स्वतःचा. कपाटातून जुन्या आवृत्तीचा कुठलाही खंड ओढायचा, डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल तिथून खाली वाचत जायचं. काय काय सापडायचं त्यात. गाठोडं बांधून उरलेल्या दोरीच्या तुकड्याला एक शब्द होता. पाणी आटल्यावर भांड्याच्या आत राहते त्या रेषेला एक होता. दारात उभा राहून तासभर बोलणाऱ्या पण आत न येणाऱ्या पाहुण्याला चक्क दोन होते, पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा. असा एखादा हाती लागला की त्याला आतून गुदगुल्या होत. तो शब्द वापरावा असं त्याला कधी वाटलं नाही. आपल्याला ठाऊक आहे आणि कचेरीत दुसऱ्या कुणाला नाही, एवढ्यावरच त्याचा दिवस बरा जायचा.

त्या सोमवारी बोट ज्या नोंदीवर पडलं ती अशी होती:

ओठंगा, पु. – बंद दाराला, आपण नसू त्या बाजूने, टेकून असलेला. (दार वाजवणारा नव्हे.)

चिमटा खुदकन हसला. ओठंगणे म्हणजे रेलणे, हे त्याला ठाऊक होतं. पण त्यावरून कुणी असा प्राणी घडवला असेल याची त्याला कल्पना नव्हती. त्यातून तो कंस. वाजवणारा नव्हे, हे मुद्दाम सांगायची वेळ ज्याच्यावर आली असेल त्याच्या घरी काय घडलं असेल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शेजारच्या सगळ्या नोंदींना वापराचं एकेक वाक्य होतं, हिला नव्हतं. आणि हे पान आपण याआधी चार-पाचदा तरी वाचलंय, तेव्हा ही नोंद कशी दिसली नाही, असं त्याला वाटलं. मग नऊ वाजले.

२

संपादकबाई गेल्या वर्षी आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की सात खंडांचा कोश आता दोन खंडांत बसवायचा. ज्या शब्दाचा वापर दाखवता येत नाही तो शब्द बाहेर. त्यांच्या टेबलावर एक टोकदार पेन्सिल असे आणि तिने त्या रोज पन्नास-साठ शब्दांना आडवं करीत.

मंगळवारी त्या 'ओ'वर आल्या.

"हे काय आहे?" त्यांनी पेन्सिलचं टोक ओठंग्यावर टेकवलं. "कुणी बोलतं का असं?"

"बोलत असतील," चिमटा म्हणाला.

"असतील म्हणजे? चिठ्ठी आणा. शुक्रवारपर्यंत आली तर ठेवते. नाहीतर हा गेला."

चिठ्ठीचा रिवाज कोशाइतकाच जुना. शब्द पुस्तकात सापडला नाही, पण कुणाच्या तोंडून ऐकला, तर गुलाबी चिठ्ठी भरायची. बोलणारं माणूस कोण, कुठे बोललं, कधी, अख्खं वाक्य काय. शब्द वस्तूचा असेल तर तळाशी आणखी एक रकाना: 'वस्तू प्रत्यक्ष पाहिली काय?' त्यापुढे होय किंवा नाही. खाली ऐकणाऱ्याची सही. चिमट्याने आजवर चार हजारांवर चिठ्ठ्या भरल्या होत्या आणि त्यातली एकही खोटी नव्हती. या गोष्टीचा त्याला गर्व होता, आणि गर्व करण्यासारखं त्याच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं.

खोटी चिठ्ठी तो मेला तरी भरणार नव्हता. कुणाकडून तरी खरंच बोलवून घ्यावं लागणार होतं.

३

घरात तो आणि बायको, दोघंच. ती लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. कोट सैल कर, विजारी आखूड कर, उसवलेलं शिव. बोळकंडीच्या टोकाला पूर्वी अडगळीची खोली होती, तिथे तिने शिलाईचं मशीन आणि कापायचं टेबल मांडलं होतं. दार आत उघडलं की भिंतीवर टांगलेल्या कोटांवर घासे, म्हणून सुताराकडून दार फिरवून बोळकंडीकडे उघडेल असं बसवून घेतलं होतं. काम करताना ती ते लावून घेई. धूळ नको म्हणून, असं ती सांगे. नवरा नवे शब्द वाचून दाखवायला येतो म्हणून, हे ती सांगत नसे, पण त्याला ते कळत होतं.

"एकच वाक्य," तो मंगळवारी संध्याकाळी दाराबाहेरून म्हणाला. "ओठंगा शब्द घालून. कुठलंही."

"तुम्हीच म्हणा की."

"माझं चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी बोलायला हवं आणि मी ऐकायला हवं."

"म्हणजे खोटं मी बोलायचं आणि खरेपणा तुमचा."

"खोटं कुठे? तू बोललीस की ते बोललं गेलंच ना."

आतून मशीन सुरू झालं. बुधवारी त्याने पुन्हा विचारलं, जेवताना विचारलं, भांडी घासताना विचारलं. शब्दाचा अर्थ त्याने तिला तीनदा समजावून सांगितला, कंसासकट. गुरुवारी सकाळी तर तो दाराला खांदा लावून उभाच राहिला. बोलत राहिला. शब्द मरतात म्हणजे काय होतं, त्यांच्यामागे कुणी रडत नाही, वगैरे.

मशीन थांबलं.

"माझ्या दाराला ओठंगा आहे," ती आतून म्हणाली. प्रत्येक शब्द दातांत धरून सोडल्यासारखा. "आणि तो गेल्याशिवाय मला काम सुचायचं नाही. झालं?"

चिमट्याने तिथेच, बोळकंडीत उभ्या उभ्या, चिठ्ठी भरली. बोलणारी: बायको, वय बावन्न, शिवणकाम. स्थळ: घर. वाक्य जसंच्या तसं. तळाच्या रकान्याशी पेन जरा अडलं. दाराला टेकलेला तो स्वतःच होता, आणि आपण आपल्याला दिसत नाही. हे त्याला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि त्याने ते सोडून दिलं. 'होय'वर खूण करून त्याने सही केली.

बाईंनी चिठ्ठी वाचली, "बायको का," एवढंच म्हणाल्या आणि शब्द ठेवला.

४

"दाराला टेकून राहू नका हो," बायको शुक्रवारी म्हणाली. "मिळालं ना तुमचं वाक्य?"

"मी कधी टेकलो?"

"आत्ता. मला ढकलावं लागलं."

"मी दाढी करत होतो." त्याच्या एका गालावर साबण होता. तिने तो पाहिला, मग दाराकडे पाहिलं.

लाकूड फुगलं असेल, असं त्याने ठरवलं. पॉलिश पेपर आणून दाराच्या कडा घासल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, चौकटीला मेणबत्ती फिरवली. बोळकंडीतून ओढलं की दार एका बोटाने उघडत होतं. आतून मात्र नाही.

"अडकलेलं दार कसं, धक्का दिला की एकदम उघडतं," ती म्हणाली. "हे तसं नाही. ढकललं की इतकंसं हलतं. मग थांबतं. आणि मग कुणीतरी अंग काढून घेतल्यासारखं सरळ उघडतं."

"तुला भास होतोय. मी तो अर्थ तुझ्या डोक्यात भरला ना."

"तुम्ही काहीही माझ्या डोक्यात भरायचं आणि भास मला."

शनिवारी ती बाजारात गेली तेव्हा तो एकटा आत शिरला आणि त्याने दार लावून घेतलं. तिच्या स्टुलावर बसला. मशीनखाली चिंध्या, भिंतीवर खडूने लिहिलेली मापं, खिडकीला गज. कसलाच आवाज नव्हता. आपण पन्नाशी उलटलेले गृहस्थ भर दुपारी काय करतोय, असं वाटून त्याला स्वतःचीच लाज वाटली. तो उठला आणि त्याने दार ढकललं.

दार बोटभर हललं आणि मऊ पडलं.

मऊ, याला दुसरा शब्द त्याला सापडेना, आणि शब्द सापडण्याची तर त्याला सवय होती. त्याने हात काढून घेतला. मग तळवा उघडा करून दारावर ठेवला, आधी खाली, मग वर. खांद्याच्या उंचीला, पाठ मावेल एवढ्या जागेत, लाकूड कोमट होतं. ऊन लागलं असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. बोळकंडीला खिडकी नव्हती. पंधरा वर्षं त्या घरात राहून हे त्याला ठाऊक होतं, तरी तो ऊनच म्हणत राहिला. मग दार सहज उघडलं आणि बाहेर कुणी नव्हतं.

बायको आली तेव्हा त्याने तिला यातलं काही सांगितलं नाही.

५

सोमवारी चिमटा आठला कचेरीत आला, पण कुठलाही खंड त्याने उघडला नाही. चिठ्ठ्यांच्या खणातून आपली गुलाबी चिठ्ठी शोधून काढली. चिठ्ठी तशीच होती. फक्त 'होय'वरच्या खुणेशेजारी, बारीक उभ्या अक्षरात, कुणीतरी शाईने लिहिलं होतं: बाजू कोणती?

तपासनिसाने अशी शंका समासात काढायची ही कचेरीची पद्धतच होती. अक्षर मात्र कुणाचं ते त्याला ओळखू येईना, आणि इथल्या नऊच्या नऊ जणांची अक्षरं तो झोपेत ओळखत असे. शाईवर बोट फिरवलं तर ती फिसकटली.

"हे तुम्ही लिहिलंत?" दहाच्या सुमारास बाई आल्याबरोबर त्याने विचारलं.

"मी पेन्सिलने लिहिते. आणि मला बाजूशी काय करायचंय?"

"बाई, तो शब्द काढून टाकू या."

बाईंनी चष्मा उतरवला. "चार दिवसांपूर्वी तुम्हीच त्याची चिठ्ठी आणून दिलीत. का काढायचा? चिठ्ठी खोटी आहे?"

त्याने चिठ्ठी उलटी करून टेबलावर ठेवली.

"खोटी असेल तर तसं लिहून द्या, लगेच काढते. पण मग तुमच्या बाकीच्याही सगळ्या काढून तपासाव्या लागतील. चार हजार ना? आणि त्या तुम्ही तपासणार नाही." त्यांनी चष्मा परत घातला. आवाज जराही चढला नव्हता. वर्षभर त्या अशाच कुठल्यातरी दोऱ्याचं टोक शोधत असाव्यात, असं त्याला तेव्हा वाटलं. "बोला. तुम्ही ती वस्तू पाहिलीत की नाही?"

चिमट्याला ती मऊ जागा आठवली. बायकोही आठवली. पण त्या दोहोंच्या पुढे त्याला दिसले ते खण, एकावर एक, त्याच्या सहीच्या चिठ्ठ्यांनी भरलेले, आणि त्यांत हात घालणारी परकी माणसं.

"पाहिली," तो म्हणाला. "चिठ्ठी खरी आहे."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या.

६

जेवणाच्या सुट्टीतच तो घरी निघून आला. बोळकंडीत पाऊल टाकताच बायकोचा आवाज आला. थकलेला आवाज होता.

"तुम्ही आहात का?"

"मी आहे."

"दहापासून आत आहे मी. दार उघडत नाही. दहाच्या ठोक्यापासून, मुंगीएवढंही हलत नाही."

दहाला काय घडलं होतं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. त्याने मूठ धरून दार ओढलं. गेल्या आठवड्यात एका बोटाने उघडणारं दार भिंत झालं होतं.

"तू आतून दाबू नकोस. मी ओढतोय."

"मी दाबत नाहीये. मी मशीनपाशी उभी आहे. तुम्हीच टेकलाय."

"मी टेकलो नाही ग."

"मग कोण?"

त्याने दाराला कान लावला आणि तत्क्षणी मागे सरला. आतून कुणीतरी त्याच्याकडे रेललं होतं. फळीतून ते वजन त्याला गालावर कळलं, बसमध्ये झोपलेला माणूस आपल्या खांद्यावर कलंडतो तेव्हा कळतं तसं. तो गुडघ्यांवर बसला आणि दाराखालच्या फटीतून पाहू लागला. आतल्या खिडकीच्या उजेडाची पट्टी फरशीवर पडली होती. तिच्या मधोमध, दाराला अगदी खेटून, दोन काळे डाग होते. पावलांइतक्या अंतरावर.

"तू दाराशी उभी आहेस," तो म्हणाला.

"नाही म्हटलं ना." आवाज खरोखरच लांबून, मशीनकडून आला. मग ती म्हणाली, "अहो, ऐका. तुम्ही कचेरीत काहीतरी लिहून दिलंय. काय ते मला नका सांगू. पण फोन करा आणि ते खोटं होतं म्हणून सांगा. आत्ता. दाराला मग हात लावा."

फोन त्याच्या खिशात होता. त्याने तो बाहेर काढला, बाईंचा नंबरही शोधला. एक वाक्य बोलायचं होतं. बायकोच्या मागे तीन दिवस लागून त्याने तिच्याकडून एक वाक्य बोलवून घेतलं होतं, त्याहून हे लहान होतं.

"अगं, फोनने दार उघडत नसतं," तो म्हणाला. "दारच काढून टाकतो. दार नसेल तर टेकणार कशाला?"

हे सुचल्यावर त्याला बरं वाटलं, एखादी बारकीशी चूक नेमकी सापडल्यावर वाटे तसं. त्याने फोन फरशीवर ठेवला आणि हत्यारांच्या डब्यातून स्क्रू-ड्रायव्हर आणला.

७

बिजागऱ्या बोळकंडीच्या बाजूला होत्या. तीन बिजागऱ्या, बारा स्क्रू. एकेक फिरवून तो फोनशेजारी ठेवत गेला. बाराव्याला त्याने डाव्या हाताने दार सावरून धरलं, कारण आता ते अंगावर येणार होतं.

बारावा निघाला. दार आलं नाही. त्याने हळूच हात काढून घेतला. चौकटीत कशालाही न जोडलेलं, सहा फुटी लाकडी दार सरळ उभं होतं.

"काढलंत का?" बायकोने विचारलं.

"काढलं."

"मग हात काढा ना त्याच्यावरचा."

चिमट्याने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. एकात स्क्रू-ड्रायव्हर होता, दुसऱ्यात बारावा स्क्रू.

मग दार आत कलायला लागलं. पडलं नाही. आजारी माणसाला उशीवर टेकवावं तितक्या सावकाश ते मागे मागे जात फरशीवर निजलं, आणि जमिनीला लागल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. खोली उघडी झाली. टेबल, कोट, खिडकीतला पांढरा उजेड. दुसरं कुणी नव्हतं.

बायको मशीनपाशी उभी होती, सांगत होती तिथेच. पण तिने दोन्ही हात टेबलावर रोवले होते आणि कमरेतून ती जराशी पुढे वाकली होती. पाठीवर पोतं घेतलेली माणसं उभी राहतात तशी.

"कुणाला विचारून काढलंत?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे अशा नजरेने कधी पाहिलं नव्हतं.

तो दारावर पाय देऊन आत धावला. ती टेबलावरून घसरत होती. त्याने तिला समोरून मिठीत धरलं, सावरायला म्हणून, आणि त्याच्या पायांना रेटा बसला. ती एकटी एवढी जड नव्हती. तिच्या पलीकडून कुणीतरी तिच्यावर रेललं होतं आणि ते सगळं वजन तिच्यातून त्याच्या छातीवर येत होतं. त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं. गज दिसले, समोरची भिंत दिसली. त्याने हात लांबवून तिच्या पाठीला आधार द्यायला पाहिला. हात पाठीपर्यंत पोहोचलेच नाहीत. मध्येच त्यांना काहीतरी लागलं, कापडासारखं, कोमट, आणि बोटांखाली ते श्वास घेतल्यासारखं जरासं फुगलं.

त्याने हात तिच्या कोपरांवर आणले आणि डोळे मिटून घेतले.

"फोन करा," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

"करतो. सगळं खोटं होतं म्हणून सांगतो. चार हजारही खोट्या होत्या म्हणून सांगतो."

"मला नका सांगू. त्यांना सांगा."

त्याने उजवा हात थोडासा सैल केला. ती लगेच पुढे झुकली, तिचे गुडघे वाकले, आणि तिच्या तोंडून दबलेला, घशातल्या घशात मोडलेला आवाज आला. त्याने घाईघाईने तिला पुन्हा दोन्ही हातांनी धरलं आणि पाय फाकवून तो घट्ट उभा राहिला. तिचा श्वास तेवढा त्याच्या मानेवर लागत होता, आणि त्या श्वासाच्या मधल्या जागेत आणखी एक.

फोन बोळकंडीत फरशीवर होता, सहा पावलांवर.